आयर्विनला किती फूट? कृष्णाकाठी नाटकाचा एक आठवडा

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५

सांगलीत आलेला माणूस आधी गणपतीला जातो. आम्ही स्टेशनवरून थेट आयर्विन पुलावर गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा सहकारी, नदीकाठच्या एका गावात मुलांचं नाटकाचं शिबिर घ्यायला निघालेले. त्याच्या खांद्याला ढोलकी आणि हातात भडंगाची पुडी. पुडी रिक्षात बसायच्या आधीच घेतली होती, पुलावर पोचेपर्यंत तळाचे शेंगदाणे तेवढे उरले होते.

सांगलीची नाडी बघायची ती या पुलावर. पूल १९२९ सालचा, दगडी कमानींचा. पावसाळ्यात इथे दोन माणसं भेटली की ‘जेवला का’च्या आधी ‘आयर्विनला किती?’ विचारतात, म्हणजे पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ च्या पुरात पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा लोकांना वाटलं यापुढे काय जाणार. २०१९ च्या ऑगस्टात साडेसत्तावन्न झालं. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा ५५ च्या घरात.

कठड्याला रेलून मी खाली बघत होते. पाणी मातकट, संथ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारी सायकल टेकवून एक गृहस्थ उभे होते. मी त्यांना विचारलं, साडेसत्तावन्न म्हणजे नेमकं कुठवर? त्यांनी खाली बोट दाखवलं नाही. पुलाकडेही नाही. मागे वळून पेठेकडे दाखवलं. “ते दुकान दिसतंय न्हवं, पिवळ्या पाटीचं? त्याची पाटी दिसत न्हवती.”

मुक्काम त्या रात्री सांगलीतच. पोहे, चहा, झोप. सांगण्यासारखं काही नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

गाव भिलवडी-पलूसच्या बाजूचं, अगदी काठावरचं. नाव लिहीत नाही, पोरांचीही नावं लिहीत नाही. तिथल्या एका निवृत्त सरांनी बोलावलं होतं. त्यांचा हेतू सरळ होता: दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस आहेत, पोरं मोबाइलात डोकं घालून बसतात, तुम्ही नाटक शिकवा. आमच्या डोक्यातला हेतू जरा जड होता. पुराने दोनदा उठवलेल्या गावातली मुलं, त्यांच्या मनात साठलेलं काही असेल, ते नाटकातून बाहेर यावं वगैरे. वहीत पाच दिवसांचा तक्ता होता. तिसऱ्या दिवसासमोर मी लिहिलं होतं: ‘पुराच्या आठवणी, सादरीकरण’. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याची फजिती आहे.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पत्र्याचं छप्पर असलेला हॉल मिळाला. खाली जिन्यापाशी भिंतीवर निळ्या रंगाच्या तीन रेघा. सगळ्यात खालची २००५, तिच्यावर वीतभर २०२१, आणि हात वर करूनही माझी बोटं पोचेनात अशी २०१९. मी जरा गंभीर होऊन त्या बघत होते, तेवढ्यात एक सहावीतला पोरगा चप्पल काढून भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला. दुसऱ्याने त्याच्या डोक्यावर पट्टी ठेवली. “झाला की रं तू दोन हजार पाच!” मग एकेकाची मापं. कॉलेजात जाणारा एक उंच पोरगा ‘एकवीस’ पार करून गेला होता आणि त्याचा तोराही तसाच होता. एकोणीसला कुणीच पोचलेलं नव्हतं. आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंची लिहितो, तसं या पोरांचं हे.

तेवीस मुलं आली. सहावी ते अकरावी, मुली अकरा. सुरुवात नेहमीच्या खेळाने केली. सगळ्यांनी गोल करून डोळे मिटायचे आणि एक ते वीस आकडे म्हणायचे. क्रम ठरवायचा नाही, खूण करायची नाही. कुणीही पुढचा आकडा म्हणावा. दोघे एकदम बोलले की पुन्हा एकपासून. ऐकायला सोपा वाटतो, पण एकमेकांच्या श्वासाकडे कान दिल्याशिवाय वीसपर्यंत जाता येत नाही. पुण्यात माझ्या मोठ्यांच्या गटाला तासभर लागला होता.

यांचं सहा-सात वेळा फिसकटलं. मग एक नववीतली मुलगी म्हणाली, “ताई, चाळीसपासून घ्यायचं का?”

“का गं?”

“असंच. आयर्विन आयर्विन खेळू.”

हसाहशी झाली आणि सुरू झालं. चाळीस. एक्केचाळीस. पहिल्या फटक्यात पंचेचाळीसपर्यंत गेले. तिथे आवाज आपोआप खाली आले. पन्नासनंतर तर कुजबुज. दोन आकड्यांमध्ये इतकी मोठी शांतता की बाहेरच्या उसाच्या ट्रॅक्टरचं गाणं ऐकू यावं. छप्पन. सत्तावन्न. मग एका बारक्या आवाजाने, “अर्धा.” सगळ्यांनी डोळे उघडले आणि टाळ्या वाजवल्या. कुणी रडलं नाही. कुणी गंभीरही झालं नाही. वीस आकडे चुकणाऱ्या पोरांनी साडेअठरा आकडे एका दमात बिनचूक म्हटले होते.

रात्री जेवण सरांकडे. काकूंनी मळीच्या रानातली वांगी केली होती. बाहेरच्यांसाठी सांगते, कृष्णाकाठी ‘मळी’ म्हणजे नदीने आणून टाकलेली गाळाची जमीन. त्यातल्या वांग्यांना ना बिया ना कडवटपणा, ज्वारीच्या भाकरीवर नुसती पसरतात. (याच भागात साखर कारखान्यातून जे काळं पाणी निघतं त्यालाही मळीच म्हणतात, आणि ते नदीत उतरलं की मासे उलटे होतात. एकाच शब्दाच्या दोन मळ्या, एक वांगी देणारी आणि एक मासे मारणारी.)

वाढता वाढता काकू म्हणाल्या, “एक विचारू का, राग मानू नका. तुम्ही पोरांना रडवायला आलाय का?”

मी घास हातात धरून बसले. मग त्यांनी सांगितलं. २०१९ चं पाणी उतरल्यावर मदतीला येणाऱ्यांचं पेव फुटलं होतं. त्यातच कुठलासा एक गट आला, पोरांना कागद-खडू दिले, पुराची चित्रं काढायला लावली, काय काय बुडालं ते एकेकाला उभं करून बोलायला लावलं. फोटो काढले. संध्याकाळी गाडीत बसून गेले. “त्यांचं काम झालं. आमची नात पुढं आठ दिवस माझ्या पदराला धरून झोपायची.”

रात्री वही उघडली आणि तिसऱ्या दिवसावर काट मारली.

रविवार, २ नोव्हेंबर

सकाळी हालचालींचे खेळ, आवाजाचे खेळ. दुपारी पुतळ्यांचा खेळ. पाच-सहा जणांनी मिळून शरीरांनी एक चित्र उभं करायचं, बोलायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. विषय मी मुद्दाम मोकळा दिला: ‘गावात बाहेरची माणसं आली.’ मला वाटलं लग्न येईल, जत्रा येईल, ऊसतोडीची टोळी येईल.

चारपैकी तीन गटांनी पूरग्रस्तांना मदत वाटप केलं.

आणि काय केलं! एका गटात एक जण गुडघ्यावर बसून बिस्किटाचा पुडा देतोय, घेणारी म्हातारी हात पुढे करून उभी, पण दोघांचीही तोंडं वळलेली तिसरीकडे, जिथे एक पोरगा मोबाइल आडवा धरून उभा. दुसऱ्या गटात एक मुलगी मदतीच्या गाठोड्यातून कपडे काढतेय. शेजारणीने हळूच ओळखलं: “आयला, शेरवानी!” शेरवानी खरीच आली होती म्हणे. कुणाचा तरी एका बाहीचा ब्लाउज आला होता, एकाच पायाचे बूट आले होते. पोरं पोट धरून हसत होती. सरांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे हे शिबिराच्या हिशेबात बसतं का असं. मी हसत होते, मी काय सांगणार?

मदतीची चेष्टा ती, उपकारांची नव्हे. ज्यांनी ट्रकभर पाणी-धान्य आणलं त्यांची नक्कल एकाही गटाने केली नाही, हेही बघितलं मी.

चारच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि पत्र्यावर सर कोसळली. कार्तिकातला पाऊस, पंधरा मिनिटांचा. पण पत्र्याखाली पावसाचा आवाज केवढा होतो ते त्याखाली राहिलेल्यालाच माहीत. खेळ आपोआप थांबला. चार-पाच जण खिडकीशी गेले आणि नदीकडे बघून आले. “न्हाई वाढत. नोव्हेंबर हाय.” मोठ्या मुलांनी लहानांना सांगितलं, लहानांनी ऐकलं. एक सातवीतला मुलगा मात्र काही न बोलता दाराशी गेला, चपला घातल्या, दप्तर पाठीला लावलं, छातीवरचा पट्टा आवळला आणि भिंतीला टेकून बसला.

माझा सहकारी त्याच्या शेजारी जाऊन बसला. काही विचारलं नाही. ढोलकी मांडीवर घेऊन वादी ताणत राहिला, जसं काही तेवढंच काम होतं. पाऊस थांबल्यावरही मुलाने दप्तर काढलं नाही. त्या दिवसाचे उरलेले सगळे खेळ तो पाठीवर दप्तर घेऊन खेळला. संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा म्हणाली, त्यात आधारची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि एक बनियन असतं. एकवीस सालापासून.

असल्या गावांत शिबिर घ्यायला कुणी जाणार असेल तर इथे थोडं थांबून सांगते. ‘त्या दिवशी काय झालं’ हा प्रश्न आपण विचारायचा नाही. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, खोदायचं नाही. आपण नाटकवाले आहोत, डॉक्टर नाही. एखादं मूल झोपत नसेल, जेवत नसेल, गप्प झालं असेल, तर पालकांशी बोलून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही आकडे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवायचे, कुणा एकाकडे बघून सांगायचे नाहीत. दार उघडं ठेवायचं आणि ज्याला खेळायचं नाही त्याला नुसतं बसू द्यायचं. फोटो शक्यतो नाहीच; काढायचाच झाला तर पालकांनी होकार दिला तरी पोरांना पुन्हा विचारायचं. आणि रोजचा शेवट ठरलेला हवा. तेच गाणं, तोच गोल, तीच टाळी. उद्याही हेच होणार आहे, हे कळण्याला फार किंमत असते.

दुसरं, अगदी साधं: मुलींसाठी संडास कुठे आहे ते हॉल ठरवायच्या आधी बघा. आमच्याकडे वाचनालयात नव्हता, समोरच्या घरातल्या मावशींनी सोय केली.

सोमवार-मंगळवार, ३ आणि ४ नोव्हेंबर

शाळा उघडल्या. त्यामुळे संध्याकाळी पाच ते आठ एवढाच वेळ. दिवसा आम्ही गावभर फिरलो. दिवाळीतले किल्ले अजून दारोदार उभे होते, नदीच्या गाळाचे. गाळ सुकला की सिमेंटसारखा होतो म्हणे. तुळशीची लग्नं चालू होती, त्यामुळे जाऊ त्या घरी उसाचं कांडं, चिंचा, आवळे आणि उरलेला चिवडा. दुसऱ्या दिवशी मी ‘चहा नको’ म्हणायला शिकले, पण त्याचा उपयोग झाला नाही.

नाटक पोरांनी बांधलं. मी दोनदा मोडता घालायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा हरले.

पहिला मुद्दा असा की त्यांना धरणं स्टेजवर हवी होती. पात्रं म्हणून. कोयनाबाई: अकरावीतली धिप्पाड मुलगी, पोटाला उशी. “माझ्या पोटात एकशे पाच टीएमसी, आणि वरनं पाऊस थांबंना. सोडू का नको, सोडू का नको?” (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी.) खाली कर्नाटकात अलमट्टीअण्णा, लुंगी आणि उंच टोपी. कोयनाबाई पाणी सोडायला लागली की अण्णा टोपी आणखी वर ओढतो: “आत्ता पाचशे एकोणीस, अजून चढवणार, पाचशे चोवीस!” अलमट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४ करायचा वाद या भागातल्या प्रत्येक पारावर चालतो. पूर अलमट्टीच्या फुगवट्याने, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याने, येतो की नाही यावर जाणकारांत एकमत नाही, गावकऱ्यांत मात्र आहे. मी म्हटलं, हे जरा एकतर्फी होतंय. कोयनाबाईने उशी सावरत विचारलं, “ताई, तुमी पुण्यात कितव्या मजल्यावर राहता?” चौथ्या. विषय संपला.

मधे काठावर आबांचं घर. आबा म्हणजे आठवीतला मुलगा, फेटा आणि काठी. गोठ्यात चंद्री म्हैस, म्हणजे घोंगड्याखाली दोघे. पाणी चढतंय, बोट आलीय, आबा म्हणतात जनावर सोडून येणार नाही. हा प्रसंग कुणी सुचवला ते आठवत नाही, कारण सगळेच एकदम बोलत होते. प्रत्येकाच्या घरात असा एक आजोबा, आजी किंवा चुलता होता. २०१९ ला माणसं वेळेत निघाली नाहीत, त्यातलं एक मोठं कारण गोठ्यात बांधलेलं होतं. दूध घालणाऱ्या घरात दोन म्हशी म्हणजे महिन्याचा पगार, आणि बोटीत म्हैस बसत नाही.

पंचनाम्याचा प्रवेशही जमला. तलाठी विचारतो, “किती भिंती पडल्या?” बाई म्हणते, “चार.” “चारही? मग छप्पर कशावर हाय?” “तेच तर बघायला बोलवलंय.”

मंगळवारी बोटीवरून अडलं. एक मुलगा उत्साहात म्हणाला, बोट उलटते असं दाखवू. हॉल गप्प झाला. ८ ऑगस्ट २०१९ ला याच पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली बोट उलटली होती. इथल्या कित्येकांची त्या गावात सोयरीक. मी तोंड उघडणार होते. पण नववीतल्या त्या मुलीने, आयर्विन आयर्विनवालीने, माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं: “बोट येऊ दे. पण कुणी पडायचं न्हाई.” सुचवणारा मुलगा “बरं” म्हणाला आणि वल्हं शोधायला गेला.

तिलाच पोरांनी सूत्रधार केलं. तिला मी विष्णुदास भाव्यांची गोष्ट सांगितली. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीच्या दरबारात सीतास्वयंवराचा खेळ झाला, तिथून मराठी नाटक मोजतात. त्या खेळात लिहिलेले संवाद नव्हतेच. पदं सूत्रधार म्हणायचा, आणि पात्रं आपापलं बोलणं तिथल्या तिथे करायची. ती म्हणाली, “मग आमचं बी तसंच हाय की. उगाच पाठ करायला लावत होता.” हा माझा दुसरा पराभव.

नाटक मात्र शेवटापर्यंत न्यायचं नाही, असं ठरवलं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी ही रीत रुजवली, फोरम थिएटर म्हणतात. अडचण शिगेला पोचली की खेळ थांबवायचा. प्रेक्षकांतल्या कुणीही ‘थांबा’ म्हणून पुढे यावं, एका पात्राची जागा घ्यावी आणि आपल्या पद्धतीने करून बघावं. उपदेश नाही, नुसतं करून बघणं. पोरांना काळजी एकच: आपल्या गावातले लोक पुढे येतील का? सर म्हणाले, “यायला सांगायची गरज न्हाई. परत खाली कसं बसवायचं तेवढं बघा.”

बुधवार, ५ नोव्हेंबर

मराठी रंगभूमी दिन, आणि यंदा त्याच दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. सांगलीत या दिवशी विष्णुदास भावे गौरवपदक देतात, शहरातली नाटकवेडी मंडळी तिकडे. आम्हाला सकाळ मोकळी होती म्हणून हरिपूरला जाऊन आलो.

सांगलीला गेलात तर हरिपूर चुकवू नका, शहराला लागूनच आहे. कृष्णा आणि वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथले. आणि हळदीची पेवं इथली. जमिनीत खोल खणलेली कोठारं, त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुराने त्यातली बरीच निकामी केली. ‘पेव फुटलं’ हे आपण सहज म्हणतो. काकूंनीही परवा म्हटलं होतं. इथे फुटलेलं पेव बघायला मिळतं. (जाणाऱ्यांसाठी: हंगामात रात्रीचा प्रवास टाळा. उसाच्या ट्रॉलींना मागे दिवा नसतो. शेवटची एसटी कधी ते कंडक्टरलाच विचारा, आणि डासांचं मलम न्या.)

खेळ सातला, घाटावर. बायकांनी पायऱ्यांवर पणत्या लावल्या होत्या, खालच्या पायरीपासून वरपर्यंत. दीडएकशे माणसं असतील. नदीवरून गार वारं येत होतं, निम्म्या पणत्या विझत होत्या, कुणीतरी त्या पुन्हा लावत होतं, आणि हे सगळं खेळ चालू असताना. आमच्याकडे माइक नव्हता. सूत्रधाराला लागलाही नाही.

कोयनाबाईला टाळ्या, अलमट्टीअण्णाला शिव्या, शेरवानीला शिट्ट्या. मग आबांचा प्रसंग. बोट आली, आबा हटून बसले, बावन्न फूट झालं, आणि सूत्रधाराने हात वर केला. “खेळ हितं थांबला. आबा बुडायचं का निघायचं, तुमी ठरवा.”

पहिली एक कॉलेजातली मुलगी आली, नात झाली. रडली, पाया पडली. आबा ढिम्म. दुसरा तलाठी झाला, पोलिसांची भीती घातली. आबांनी काठी उगारली. लोक हसले. तेवढ्यात पायऱ्यांवरून एक खरे आजोबा उठले, सत्तरीचे असतील, अंगात पांढरा सदरा. म्हणाले, “थांबा. ह्या पोराला आबा जमंना. मी बसतो.” आठवीतल्या पोराने फेटा काढून त्यांना दिला. त्यांनी तो घेतला नाही, आपली टोपी होती. बाजेवर मांडी घालून बसले आणि घोंगड्यावर हात ठेवला.

पुढची पंधरा मिनिटं मी शिबिरवाली नव्हते, नुसती प्रेक्षक होते. मुलगा, सून, सरपंच, बोटवाला, एकेक जण येऊन बोलून गेला. आजोबांकडे सगळ्यांना उत्तर होतं. “छावणीत वैरण कोण देणार?” “मागल्या खेपेला सोडून गेलतो. आलो तवा दावं नुसतं हातात आलं.” हे म्हणताना त्यांचा आवाज चढला नाही. घोंगड्याखालचे दोघे हलायचे थांबले होते.

मग एक बाई उठल्या, डोक्यावर पदर, हातात विझलेली पणती तशीच. “बावन्न फुटाला आबा काय आणि कोण काय, कुनीच निघत न्हाई. खेळ मागं न्या. पस्तीसवर न्या.”

सूत्रधार माझ्याकडे बघायला लागली. हे आम्ही बसवलेलं नव्हतं. तिने क्षणभर विचार केला, डोळे मिटले आणि म्हणाली, “बावन्न.” गोलातून दुसरीकडून आवाज आला, “एक्कावन्न.” तेवीसही पोरांनी डोळे मिटले होते. पन्नास. एकोणपन्नास. आकडे उलटे उतरायला लागले. एकदाही दोन आवाज एकदम आले नाहीत. चाळीसच्या खाली घाटावरचे लोकही पुटपुटत होते. पस्तीस. बोटवाला बोट उचलून निघून गेला, कारण पस्तीस फुटाला बोट नसते.

बाई आजोबांसमोर उभ्या राहिल्या. “आबा, आज म्हशी वर नेऊन बांधू. तुमी हितंच ऱ्हावा.”

आजोबा पहिल्यांदाच गप्प झाले. मग म्हणाले, “पस्तीसला कोण घाबरतंय?”

“घाबरू नका की. नुसत्या न्या.”

“व्हय. पण कुठं न्यायच्या?”

याला उत्तर कुणाकडे नव्हतं. बाईंकडे नव्हतं, सरपंच झालेल्याकडे नव्हतं, आणि खरे सरपंच तिसऱ्या पायरीवर बसले होते, त्यांच्याकडेही नव्हतं. सूत्रधाराने खेळ तिथेच संपवला. नाटक म्हणून हा शेवट फसला असं मला त्या रात्री वाटलं. ते मी सहकाऱ्याला बोलूनही दाखवलं. तो भडंग खात होता.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दहाची एसटी होती. काकूंनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या बांधून दिल्या, वर सहा वांगी. सरांचा निरोप घ्यायला वाचनालयापाशी गेलो तर जिन्याखाली गर्दी. शाळेला जाता जाता पोरं थांबलेली, गणवेशात. फळ्यावर आमचे १४४१६ आणि १०९८ एका कोपऱ्यात राखून बाकीचं पुसलं होतं आणि दोन रकाने आखले होते. डावीकडे ‘उंचावरची घरं’, पुढे कुणाच्या परड्यात किती जनावरं मावतील. माळावरच्या चार घरांची नावं आली होती. एकापुढे लिहिलं होतं ‘विचारायचं हाय’. उजवीकडे ‘काठावरचे गोठे’.

दप्तरवाला मुलगा खडू धरून उभा होता. दप्तर पाठीला होतंच, पण आज शाळा होती.

कालचे आजोबा गर्दीतून पुढे आले. उजवा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा नव्हता म्हणून मुलाकडून वाचून घेतला. मग म्हणाले, “लिही. म्हशी दोन, रेडकू एक.” मुलगा लिहायला लागला, तर त्याच्या हातावर टिचकी मारून म्हणाले, “आणि रेडकू मारकं हाय, ते बी लिही.”